कात्रीखाली गेलेला ठोका

आमच्या बीडमध्ये कुणी ‘ईसीजी काढा’ म्हणत नाही, ‘पट्टी काढा’ म्हणतात. मी तीस वर्षं पट्ट्या काढल्या. त्यामुळे मंडईत भाजी घेताना एखादी बाई शेजारणीला कोपरानं ढोसून सांगते, “ह्या पट्टीवाल्या बाई. माज्या सासऱ्याचं काळीज ह्येंनी बघितलंय.” काळीज मी कुणाचंच बघितलेलं नाही. ते दिसत नाही म्हणून तर पट्टी काढायची. पण नाव पडलं ते पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

मी या कामाला लागले तेव्हा सगळंच नव्यानं येत होतं. चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते, घरांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या आणि गावात एकामागून एक खाजगी दवाखाने निघत होते. आमचे डॉक्टर पुण्याहून हृदयाचं शिकून आले आणि त्यांनी एका औषधाच्या दुकानावरचा मजला घेतला. वर जायला बावीस पायऱ्या, त्याही उभ्या. ज्याचं हृदय अधू त्यालाच जिना चढायला लावणारा दवाखाना, अशी आमची गावभर चेष्टा व्हायची. डॉक्टर म्हणायचे, खाली जागा मिळाली की जाऊ. ती काही मिळाली नाही.

हे काम लांबून अवघड वाटतं, तसं ते नाही. दोन्ही मनगटांना, दोन्ही घोट्यांना चिमटे लावायचे. छातीवर गार जेली लावून रबरी फुग्याच्या वाट्या चिकटवायच्या. हृदय स्वतःची वीज स्वतःच तयार करतं, तिच्या बळावर आवळतं आणि सुटतं. ती वीज कातडीपर्यंत जेवढी झिरपते तेवढी मशीन पकडतं आणि तापलेली काडी चौकटीच्या कागदावर रेघ ओढते. आधी एक लहान उंचवटा, तो वरच्या कप्प्यांचा. मग एक उंच टोक, ते खालच्या मोठ्या कप्प्यांचं, रक्त ढकलणाऱ्यांचं. लहान आणि मोठा, लहान आणि मोठा, अशी जोडी चालत राहिली की समजायचं, गाडं सुरळीत आहे.

गिऱ्हाईकं मात्र नाना तऱ्हेची. एक निवृत्त तलाठी दर सोमवारी यायचे. पट्टी काढली की त्यांना बरं वाटायचं. “वीज काढून घेतली की छाती हलकी होती बघा,” म्हणायचे. वीज काढून घेत नाही, नुसती बघतो, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. एक अप्पा होते, भुसार मालाचे व्यापारी. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढायला सांगितली म्हणून ते दुसऱ्या दवाखान्यातून भांडून आमच्याकडे आले होते. मी स्वतः युसूफ वडगावच्या लिंगायत वाण्याची मुलगी, लिंग अंगावेगळं करत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको. डबी हलकेच खांद्यावर सरकवली आणि वाट्या लावल्या. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी अख्खं घराणं एकेक करून माझ्या टेबलावर आणून झोपवलं, कुणाला काही झालेलं नसताना.

आणि उमापूरचे ते कापडवाले. गार पाणी प्यायले की डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी त्यांची तक्रार. दोन ठिकाणी डॉक्टर हसले होते. मी त्यांना चिमटे लावले, खालच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रीजमधून पाण्याची बाटली मागवली आणि म्हटलं, “प्या.”

“आत्ता? हितं?”

“आत्ता. आणि नेहमी पिता तसं, गटागटा.”

चौथ्या घोटाला मशीनच्या काडीनं सरळ रेघ ओढली. एक टोक नाही, उंचवटा नाही. चारेक सेकंदांनी ठोके परत सुरू झाले. ते डोळे उघडून ओरडले, “आली बगा! आली चक्कर!” चक्कर आल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की अन्ननलिका हृदयाला चिकटून जाते, गार घोटानं तिथली नस चाळवते आणि ती नस हृदयाचा लगाम ओढते. बाहेरून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी ती पट्टी पाहून विचारलं, हे पाण्याचं कुणाला सुचलं? आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

मला सुचलं नव्हतं. दवाखाना नवा होता तेव्हा एका मेंढरं राखणाऱ्या बाईनं त्यामागचं तत्त्व मला शिकवलं होतं, आणि शिकताना माझं नाक चांगलंच कापलं गेलं होतं. लोकांना मी पाण्याची गोष्ट सांगते. आज त्या बाईची सांगते.

त्या काळी मशीन एकेरी होतं. एका वेळी एकच रेघ निघायची आणि लांबच लांब फीत बाहेर पडत राहायची. मग कात्रीनं तिचे तुकडे करायचे आणि पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवायचे, ते डॉक्टरांच्या टेबलावर जायचं. चिकटवण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. वडील साखरेची पुडी बांधायचे ती फेकून मारली तरी सुटायची नाही. तोच गुण माझ्यात उतरला होता. एक तुकडा तिरका नाही, डिंकाचा एक डाग नाही. डॉक्टर पाहुण्यांना माझे पुठ्ठे दाखवायचे आणि मी दाराआडून ऐकायचे.

या सफाईपायी मी एक रीत लावून घेतली होती. पेशंट बावीस पायऱ्या चढून यायचा, धापा टाकायचा. मशीनही सुरुवातीला नीट चालायचं नाही, काडी तापेपर्यंत रेघ फिकी यायची, कागद अडखळायचा. म्हणून पहिली हातभर पट्टी मी बघतसुद्धा नसे. कात्रीनं कापायची, टोपलीत टाकायची, पेशंटला म्हणायचं, पडा दहा मिनिटं निवांत. तो शांत झाला की खरी पट्टी काढायची. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझीच अक्कल, आणि तिचा मला अभिमान होता.

लिंबाजी आणि गयाबाई हे नवराबायको लिंबागणेशच्या वरच्या अंगाच्या वस्तीवरून आले. लिंबाजी पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, अंगावर चरबी नावाला नाही. आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. गेल्या काही महिन्यांपासून तो घाट चढताना पडत होता. डोळ्यांपुढे अंधारी, की आडवा. मिनिटभरानं आपला आपण उठायचा. कुणी फेपरं म्हणून कांदा हुंगवला, कुणी चप्पल. आणि पंचायतीपुढच्या पारावर एकच निकाल लागला होता, की लिंबाजी प्यायला लागला.

“थेंब न्हाई हो बाई,” तो मला सांगत होता. मी विचारलंही नव्हतं. “आमच्या सात पिढ्यात न्हाई. पोराला सोयरीक आलती, ती बी गेली. बाप दारुडा हाय म्हणले.”

त्याला मी टेबलावर घेतलं, चिमटे लावले, काळजाची वीज कागदावर उतरते असं दोघांना सांगितलं आणि मशीन सुरू केलं. पहिली हातभर पट्टी निघाली, कापली, टाकली. टाकली ती टोपलीच्या बाहेर पडली. गयाबाई उशापाशी नवऱ्याचं मनगट धरून उभी होती.

“कावून टाकली ओ बाई?”

“खराब आली.”

“खराब म्हंजी?”

“ते दमलेले आहेत ना आत्ता. दहा मिनिटं पडू दे त्यांना, मग चांगली काढते.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला आजही ती नजर आठवते. “दमल्यालंच तर दाखवाया आणलंय,” ती म्हणाली. “बसून असले तर ह्येंना काय बी होत न्हाई. चढाला लागलं की नाडी निम्मी होती. आमी मेंढराची नाडी मांडीत बघतो. पळालेल्या मेंढराची थडथड उडती. ह्येंची उलटी. पळालं की धिमी. आत्ता बी जिना चढल्यावर तशीच हाय.”

मी काय करायला हवं होतं? चिमटे लावलेले होते, मशीन चालू होतं. नुसतं टोपलीकडे वाकायचं होतं. मी म्हणाले, “मावशी, मेंढराचं वेगळं आणि माणसाचं वेगळं. तुम्ही बाहेर बसा बरं.”

दहा मिनिटांनी पट्टी काढली. अतिशय देखणी. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिली. मोठ्या कप्प्यांकडे जाणाऱ्या विजेच्या दोन फांद्या असतात, त्यातली उजवी बंद दिसते, म्हणाले, पण अशी पुष्कळ माणसं म्हातारी होऊन मरतात. बाकी ठोका न ठोका जागेवर. नाडी तपासली, तीही चांगली. मग फिटच असाव्यात असं ठरलं आणि त्याच्या गोळ्या लिहून दिल्या. लिंबाजीनं जाताना विचारलं, “दारूचं न्हाई, असं लिहून देता का?” डॉक्टर हसले. मीसुद्धा हसले.

दोनेक महिन्यांनी जीपमधून लिंबाजीला परत आणलं. मेंढरं घेऊन घाट चढताना पडला होता आणि या वेळी दगडावर. कपाळ फुटलं होतं, टाके पडले. बरोबरचे लोक सांगत होते, आता गेलाच म्हणून आम्ही तोंडात पाणी घातलं होतं. मी चिमटे घेऊन पुढे झाले, तशी गयाबाईनं माझा हात धरला.

“थांबा बाई. तुमी नवी काढताल, ती पुन्ना चांगलीच येईल. ही बगा आधी.”

तिनं कमरेची पिशवी सोडली. तिच्यात भंडाऱ्याची पितळी डबी होती, आणि डबीत हळदीनं पिवळी झालेली कागदाची एक गुंडाळी.

“ही कुठली?”

“तुमी टाकल्याली. तुमी म्हणलात ह्यात काळजाची वीज उतरती. मंग माणसाचं काळीज केरात, लोकाच्या पायाखाली कसं टाकावं? म्या उचलली. देवाम्होरं ठेवलती.”

मी ती उलगडली. काडीच्या उष्णतेनं उमटलेली रेघ पुसत नाही. हळदीखालूनही ती काळी स्वच्छ दिसत होती. रेघ वरखाली हेलकावत होती, कारण माणूस धापा टाकत होता. पण उंच टोकं लांब लांब होती. धापा टाकणाऱ्या माणसाची टोकं दाट हवीत, ही विरळ होती. आणि दर दोन टोकांच्या मध्ये एक लहान उंचवटा एकटाच उभा होता. त्याच्यामागं टोक नव्हतं. मी चौकटी मोजल्या. उंचवटे बरोबर सारख्या अंतरावर. वरून दर वेळी हुकूम सुटत होता आणि खाली एकाआड एकच पोचत होता.

हे कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणजे त्या दिवशीही लागलं नसतं.

डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. त्यांना या तुकड्याची काही कल्पना नव्हती आणि गयाबाईला लिहितावाचता येत नव्हतं. एप्रनला खिसा होता. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय येऊन गेलं ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला माझ्या पुठ्ठ्यांची लाज वाटली, नोकरीची भीती वाटली आणि त्या बाईचा, देवाशपथ, राग आला. मग टेबलावरच्या माणसाचं फुटलेलं कपाळ दिसलं आणि मी पट्टी घेऊन पलीकडे गेले.

डॉक्टरांनी ती बराच वेळ पाहिली. “कुठून आली?”

“माझ्या टोपलीतून. मागच्या वेळची. जिना चढून आल्या आल्या निघालेली.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं, “अशा रोज टाकता?”

“रोज.”

ते उठून आले, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि औषधं हाताशी घेतली आणि लिंबाजीला टेबलावरच उठबस करायला लावलं. उठायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. मी मशीन चालू ठेवलं. गयाबाई मनगट धरून उभी. पाच झाल्या, सहा झाल्या. सातवीला ती म्हणाली, “झाली बगा निम्मी.” मी कागदाकडे पाहिलं. तिचं वाक्य संपलं आणि काडीनं एक टोक गाळलं. मग एकाआड एक.

“बास! झोपा,” डॉक्टर म्हणाले. लिंबाजी पांढराफटक पडला होता. दोन-तीन मिनिटं गेली, श्वास खाली बसला आणि जोड्या पुन्हा सुरळीत चालू लागल्या, जसं काही घडलंच नव्हतं.

डॉक्टरांनी गयाबाईला स्टूल दिलं आणि तिला समजावून सांगितलं. आजवर मी ऐकलेलं हे सगळ्यात सोपं सांगणं. म्हणाले, “मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी राखण्या बसलाय. एक मेंढरू आत सोडलं की त्याला दम घ्यायला थोडा वेळ लागतो. मेंढरं सावकाश आली तर सगळी आत जातात. त्या राखण्याला आता दुखणं झालंय, त्याला दम घ्यायला जास्त वेळ लागतो. मेंढरं पळत आली की एक सोडतो, दुसरं येतं तेव्हा हा अजून दमच खातोय. ते बाहेर राहतं. तुमचे मालक बसले की मेंढरं सावकाश, चढाला लागले की पळत.”

“म्हंजी ठोका निघतो, पर दारात अडकतो,” गयाबाई म्हणाली.

“बरोबर.”

“मंग राखण्या बदला.”

“तेच करायचं. छातीत एक बारकं मशीन बसवायचं. औरंगाबादला.”

नंतर डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं. ठोके गळण्याचे प्रकार दोन. झोपेत, विसाव्यात गळतात ते बहुतेक वेळा फांद्या फुटण्याआधीच्या वरच्या चौकीत, लगाम ओढणाऱ्या नसेमुळे; माणूस चालायला लागला की ते भरून येतात, त्यांना सहसा फार भ्यायचं नाही. चालल्यावर जे गळतात ते खालच्या फांद्यांचं दुखणं. लिंबाजीची उजवी फांदी कायमची बंद होती, डावी धावपळीत दम टाकत होती. तीही गेली की माणूस जागच्या जागी संपतो. “आणि आपण,” ते म्हणाले, “त्याला दहा मिनिटं झोपवून त्याचं दुखणंच घालवत होतो.” त्यांनी ‘आपण’ म्हटलं, याचे उपकार मी विसरलेले नाही.

त्या रीतीच्या पायी माझ्या टोपलीतून आणखी किती जणांचं काय गेलं, हे मला माहीत नाही आणि आता कळायचंही नाही. माणसं पायऱ्या चढून आली, मी त्यांना शांत केलं आणि ‘चांगलं आहे’ असा देखणा पुठ्ठा घेऊन ती गेली. त्यातली काही पुन्हा दिसली नाहीत. बरी झाली म्हणून दिसली नाहीत, असं मी स्वतःला सांगते. रोज पटतंच असं नाही.

पण हातपाय गाळून बसणारी मी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. पेशंट आल्या आल्या एक पट्टी, विसाव्यानंतर दुसरी, आणि दोन्ही पुठ्ठ्यावर. पहिली वेडीवाकडी दिसते, दिसू दे. शिवाय तुम्हाला त्रास कशानं होतो, हे विचारायचं आणि झेपेल तेवढं, डॉक्टरांना शेजारी उभं करून, तेच करायला लावायचं. वाकल्यावर होतं? वाका. गार पाण्यानं होतं? प्या. पुढं मोठमोठी मशीनं आली, चोवीस तास कमरेला बांधायचा डबा आला. त्यांचं तत्त्व तेच, गयाबाईचं.

लिंबाजी औरंगाबादहून मशीन बसवून आला आणि पुढं काही महिन्यांनी तपासायला आला, तेव्हा बावीस पायऱ्या न थांबता चढला. वर येऊन म्हणाला, “आता मेंढरं मागं ऱ्हातात बाई.” मी त्याला तसंच टेबलावर घेतलं. दर टोकाआधी एक बारीक उभी रेघ येत होती, नव्या राखण्याची. एकही मेंढरू बाहेर नाही. ती पट्टी त्यानं मागून घेतली. म्हणाला, पारावर नेऊन वाचून दाखवतो, बघू कोण दारुडा म्हणतंय ते.

मग मी कपाटातून ती पिवळी पट्टी काढली. औरंगाबादला कागदांबरोबर पाठवलेली, मुद्दाम परत मागवून घेतलेली. दोन्ही हातांनी गयाबाईपुढे धरली. म्हटलं, “तुमची आहे. देवापुढची.”

तिनं ती घेतली, कपाळाला लावली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “आमचं काम झालं हिचं. तुमाला अजून लई माणसं बगायचीत.”

मी ती पट्टी कपाटात ठेवली. दारात पुढचा पेशंट येऊन उभा होता. जिना चढून आलेला, धापा टाकत, बाकड्यावर टेकायच्या बेतात. मी डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, “बसू नका. तसेच या.”